मुदतीचा आराम

कंबरेच्या मणक्यातील गादी सरकून नसेच्या मुळावर दाब आला आणि नितंबापासून पोटरीपर्यंत कळ उतरू लागली, म्हणजे रुग्णाला रात्र वैरीण होते. एपिड्यूरल इंजेक्शनानंतर तोच रुग्ण थोड्या दिवसांत पाय सरळ करून निजू लागला, की त्याची कृतज्ञता आणि आपला आत्मविश्वास ही दोन्ही एकदमच वाढतात, आणि हा आराम कायमचा आहे अशी समजूत, कोणी तसे न बोलताही, उभयपक्षी रूढ होऊन बसते.

1901 साली पॅरिसमध्ये सिकार यांनी त्रिकास्थीच्या छिद्रातून कोकेन टोचून सायटिकेवर हा मार्ग खुला केला. 1950 च्या दशकात त्यात स्टेरॉइडची भर पडली, पुढे सी-आर्म आणि डाय यांनी सुईला दृष्टी दिली. परंतु आरामाची मुदत त्या मानाने वाढलेली नाही. 1997 साली कॅरेट प्रभृतींनी 158 रुग्णांवर केलेल्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्यांची पायाची कळ सहा आठवड्यांपर्यंत काहीशी अधिक उतरली. तीन महिन्यांनी मात्र केवळ सलाईन टोचलेल्यांत आणि त्यांच्यात भेद उरला नाही, आणि वर्षअखेर शस्त्रक्रियेची पाळी दोन्ही गटांत सुमारे चौथ्या हिश्श्यावर आली. पाय मोकळा असून नुसती कंबर दुखणाऱ्यांस असली इंजेक्शने देऊ नयेत, असे ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने 2016 साली बजावले. तीव्र आणि ताज्या सायटिकेपुरता तिने एपिड्यूरलला वाव ठेवला.

म्हणून हा उपाय त्याज्य ठरत नाही. सरकलेल्या गादीचा अंश पुष्कळदा शरीर स्वतःच काही महिन्यांत जिरवते, आणि तोवरचे असह्य आठवडे निभावून नेणे ही लहान सेवा नव्हे. दिवाणी दाव्यात मिळालेल्या तारखेप्रमाणे हा आराम सवड देतो, निकाल देत नाही. त्या सवडीत रुग्ण चालू लागला, त्याने पाठीपोटाचे स्नायू कमावले आणि तो कामावर रुजू झाला, तरच पुढील वर्ष सुखाचे जाण्याची आशा धरता येते.

यास्तव तीन इंजेक्शनांचा ठराविक कोर्स लावून देण्याचा शिरस्ता आता मोडावा, अशी आमची व्यवसायबंधूंस विनंती आहे. पहिल्याने गुण आला नाही, तर दुसरे कोणत्या आधारावर द्यावयाचे? शिवाय स्टेरॉइडने मधुमेह्याची साखर काही दिवस चढते. आणि क्वचित का होईना, दृष्टिनाश, पक्षाघात व मृत्यू यांचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 साली देऊन ठेवला आहे. केसपेपरावर मणक्याची पातळी आणि मात्रा आपण नेमाने टिपतो. त्याच ओळीत कळीचा अंक, चालण्याचे अंतर आणि झोप यांची नोंद इंजेक्शनापूर्वी, सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी व्हावी. तिसऱ्या महिन्याचा रकाना कोरा असताना 'आराम पडला' असा शेरा मारण्याचा अधिकार आपणांपैकी कोणासही नाही.