नखांवरील मेंदी व शाळेची शिस्त

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वर्गात काही मुली हात बाकाखाली धरून बसलेल्या दिसतात. मेंदीने रंगलेली नखे शिक्षकांच्या दृष्टीस पडू नयेत, अशी त्यांची खटपट चाललेली असते. पुष्कळ शाळांतून मेंदीस मनाई आहे. आम्हीही पूर्वी एका मुलीस ह्याच कारणावरून वर्गाबाहेर उभे केले होते. आज त्याचा आम्हांस खेद वाटतो. तो का, हे पालकांपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सोलापुरात ही कला दोन्ही भाषांच्या घरांत नांदते. मराठी घरांत नागपंचमीस मेंदी लावतात. पूर्व भागातील तेलुगू विणकरांच्या घरांत आषाढातच तिचा पाला वाटला जातो. तेलुगूत तिला गोरिंटाकु म्हणतात. त्या भाषेत गोरु म्हणजे नख व आकु म्हणजे पान. तेव्हा नखांशी तिचे नाते किती जवळचे, हे सांगावयास नको. पाट्यावर पाला बारीक वाटावयाचा, त्यात थोडा काथ घालावयाचा व बोटांच्या टोकांस तो टोपीसारखा चढवून रात्रभर ठेवावयाचा, एवढीच कृती. आई वाटते, थोरली बहीण लावते, धाकटीने मात्र हात न हालविता बसावयाचे! ह्यात खर्च जवळजवळ नाही. म्हणून गरीब-श्रीमंत हा भेदही नाही.

आता शिस्तीचा विचार करू. मेंदीच्या पानातील लॉसोन हे रंगद्रव्य कातडीतील व नखांतील केराटीन ह्या प्रथिनास घट्ट धरून बसते. साबणाने ते निघत नाही. कातडीवरील रंग दोन-तीन आठवड्यांत जातो. परंतु हाताचे नख महिन्यास सुमारे ३ मिलिमीटरच वाढते. त्यामुळे नखावरील रंग पुरता जाण्यास ४ ते ६ महिने लागतात. अशा मुलीस 'उद्या हात स्वच्छ करून ये' असे सांगणे म्हणजे अशक्य ते करावयास सांगणे होय. जी आज्ञा पाळताच येत नाही, तिने शिस्त लागत नाही; लपवाछपवीची सवय मात्र लागते.

कोणी म्हणेल, शाळा हे नटण्याचे ठिकाण नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. वाढविलेली नखे, त्यांतील मळ, वर्गात बाटली उघडून नखे रंगवीत बसणे, ह्या गोष्टी खपवून घेऊ नयेत. परंतु घरी आईच्या हातून लागलेला रंग हा अपराध नव्हे.

खरी मनाई हवी ती काळ्या मेंदीस. शुद्ध मेंदी प्रथम नारिंगी दिसते व एक-दोन दिवसांत तांबूस-तपकिरी होते. ती कोळशासारखी काळी होत नाही. घटकाभरात काळा रंग देणाऱ्या मेंदीत केसांच्या कलपातील पॅराफेनिलीनडायअमिन हे रसायन असण्याचा संभव फार. त्याने अंगावर फोड येतात, व्रण राहतात, आणि एकदा जडलेली त्याची बाधा जन्मभर टिकू शकते. पालकांनी बाजारातील असले कोन घरात आणू नयेत. पाला आणून घरीच वाटावा.

शिक्षकबंधुभगिनींस एवढीच विनंती की, नखे तपासताना त्यांची लांबी व स्वच्छता पाहावी, रंग पाहू नये. आणि मुलींनो, येत्या श्रावणात तुमचे हात बाकाखाली नव्हे, बाकावर दिसावेत, अशी आमची इच्छा आहे.