तगाद्याखालची मुलं

मूल ऑटिस्टिक आहे असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘बोलतो का?’ आणि दुसरा, ‘ऐकतो का?’ हे ऐकणं कानाचं नव्हे. सांगितलेलं करतो का, असं विचारायचं असतं. पहिल्या प्रश्नावर निदान उपचारांची चर्चा तरी होते. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर चर्चा आईबापांवर घसरते. लाडावून ठेवलंय. एकच आहे ना, मग होतं असं. आजीकडे आठ दिवस पाठवा, सुतासारखी सरळ येईल.

आम्ही मांजर्लीत राहतो, मुलगी नऊ वर्षांची आहे आणि ती ऐकत नाही. आंघोळ, बूट, गृहपाठ यांना नाही म्हणणारी मुलं घरोघरी असतात. हिला मात्र स्वतःला हवी असलेली चित्रकलेची वही ‘काढ’ म्हटलं तरी हात थांबतात. कडकडून भूक लागलेली असते, ‘जेवायला ये’ ऐकलं की ती उठूच शकत नाही. याला हट्ट म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की हट्टी माणूस हवी ती गोष्ट मिळवण्यासाठी अडून बसतो. इथे हवी ती गोष्टच हातची जाते आणि ती जाताना मूल रडत असतं.

नॉटिंगहॅमच्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ न्यूसन यांनी १९८०च्या दशकात अशा मुलांचं वर्णन करून त्याला ‘पॅथॉलॉजिकल डिमांड अव्हॉइडन्स’, थोडक्यात पीडीए, असं नाव दिलं. त्यांचा सविस्तर लेख २००३ साली आला. ‘डिमांड’ला ‘मागणी’ म्हटलं की मोर्चा आठवतो; मला ‘तगादा’ हा शब्द जवळचा वाटतो. तगादा बाहेरचाच असतो असं नाही, लघवीला लागणं हाही शरीराचा तगादाच. या मुलांना तो आला की जिवावर बेतल्यासारखी भीती वाटते आणि ती सुटकेचे मार्ग शोधतात: विषय बदलतात, गोड बोलतात, ‘मी मांजर आहे, मांजरं शाळेत जात नाहीत’ म्हणून पलंगाखाली जातात. काहीच चाललं नाही तर स्फोट होतो. आपला ‘स्वमग्न’ हा शब्द इथे अगदीच तोकडा आहे. समोरच्याच्या आवाजातली धार आमच्या घरात सगळ्यात आधी हिला कळते.

या नावावर वाद आहेत, आणि ते रास्त आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये किंवा अमेरिकेच्या डीएसएम-५ मध्ये हे स्वतंत्र निदान म्हणून नाही. २०२१ साली झालेल्या एका पद्धतशीर आढाव्याने व्याख्या आणि पुरावा दोन्ही कच्चे असल्याचं दाखवलं. स्वतः ऑटिस्टिक असलेले अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी तर यातल्या ‘पॅथॉलॉजिकल’वरच बोट ठेवलं. दुसऱ्याच्या मागण्यांना नकार देणं हा आजार आहे हे ठरवलं कुणी? मला हा प्रश्न आवडतो. पण ‘पुस्तकात नाही म्हणजे असं काही नसतंच’ म्हणणाऱ्या डॉक्टरांनी त्याचा आधार घेऊ नये. मिल्टन मुलांची बाजू घेत होते, डॉक्टर आपली सुटका करून घेत असतात.

माझी खरी तक्रार आहे ती ‘ऐकणं’ विकणाऱ्या धंद्याशी. कल्याणपासून बदलापूरपर्यंत थेरपी सेंटरं निघाली आहेत. त्यांतली काही मनापासून काम करतात, हेही सांगायला हवं. पण अनेक ठिकाणी पालकांसमोर जो माल मांडला जातो तो एकच: ‘तीन महिन्यांत खुर्चीत बसवून दाखवतो.’ सांगितलं ते केलं की स्टिकर, पाच स्टिकर झाले की चॉकलेट. काही मुलांना हे चालत असेलही. तगाद्याने घाबरणाऱ्या मुलाला बक्षीस हा दुसरा तगादा असतो. पहिल्या आठवड्यात ते आनंदाने बसतं, दुसऱ्यात स्टिकर फाडतं, तिसऱ्यात सेंटरच्या जिन्यावरच ओरडायला लागतं. मग सांगतात, घरी सातत्य नाही. म्हणजे अपयशही पालकांच्याच खात्यावर, आणि फी आगाऊ भरलेली.

यामागे आपली एक जुनी श्रद्धा आहे. ‘श्यामची आई’मधली पोहण्याची गोष्ट आठवा. श्याम भितो, लपून बसतो, आई त्याला मारून विहिरीवर पाठवते आणि तो पोहायला शिकतो. पिढ्यान्‌पिढ्या हे वाचून आपली खात्री झाली आहे की भीतीवर उपाय म्हणजे ढकलणं. श्यामची भीती पाण्यात पडल्यावर ओसरली. इथे प्रत्येक ढकलण्याने ती वाढते. ‘पुढे जग थोडंच हिचं ऐकणार आहे?’ असं विचारणारे हितचिंतक रोज भेटतात. जग कठोर आहे म्हणून त्याची तालीम घरातच द्यायची, हा तर्क आपण ताप आलेल्या मुलाला लावत नाही.

मग करायचं काय? आधी आपलं बोलणं ऐकायचं. मराठीत आपण मुलांशी बोलतो ते बहुतेक आज्ञार्थात. ऊठ, दात घास, आटप, डबा घे, काकांना नमस्कार कर, नाव सांग, कविता म्हणून दाखव. एका सकाळी मोजायला बसलं तर वीस मिनिटांत बोटं संपतात. त्यात पाण्याची वेळ. नळाला पाणी आहे तोवर आंघोळ उरकायची, हे इथल्या बायकांच्या अंगात भिनलेलं. बादली भरून ठेवली की तो तगादा नळापाशीच थांबतो, मुलीपर्यंत जात नाही. ‘बूट घाल’च्या जागी ‘बूट दाराजवळ आहेत’ म्हणता येतं. ‘जेवायला ये’ न म्हणता ताट मांडून आपण जेवायला बसता येतं. ‘हे बटण मला लागेना’ म्हटलं तर ती धावत येते. पण ‘आपण आंघोळ करूया हं’ यातला ‘आपण’ फार फसवा. आंघोळ एकटीलाच करायची आहे हे तिला दोन दिवसांत कळतं आणि पुढे तो शब्दच नासतो. काही गोष्टींत तडजोड नाही: रेल्वेचे रूळ, गॅस, दुसऱ्याला मारणं. तेवढ्या सोडल्या तर उरलेल्यांपैकी कितीतरी आजच्या आज व्हायलाच हव्यात असं नसतं.

यालाही मोठ्या चाचण्यांचा पाठिंबा नाही. जे आहे ते पालकांचं, शिक्षकांचं आणि मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांचं अनुभवातून आलेलं शहाणपण आहे. स्टिकरवाल्यांकडे या मुलांपुरतं तेवढंही नाही.

आता सरकारी बाजू. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. मान्यताप्राप्त शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, असं त्याचं कलम १६ सांगतं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारहाणीबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. प्रत्यक्षात आमच्याकडे एका शाळेने प्रवेशापूर्वी लेखी मागितलं, की मुलगी वर्गाची शिस्त पाळेल. पायाने अधू मुलाकडून ‘जिना चढेन’ असं लिहून घ्यायला कुणी धजावेल का?

प्रमाणपत्राचं दुखणं वेगळंच. त्यासाठी आयसा नावाची ४० प्रश्नांची भारतीय मापनपट्टी वापरतात. ७० गुण झाले की ऑटिझम, आणि तिथेच ४० टक्के अपंगत्व धरलं जातं. जी मुलगी डोळ्यांत बघून गप्पा मारते, डॉक्टरांनाच नाव विचारते, ती अशा तपासणीत सहज निसटते. पाऊण तास छान वागून घरी आल्यावर ती तीन तास कोसळलेली असते. ते तीन तास तपासणीच्या खोलीत कुणाला दिसत नाहीत. कागद नाही म्हणजे लाखभर रुपयांचा निरामय आरोग्य विमा नाही आणि शाळेत बोलायला तोंडही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला तो पालघरहून, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यातून. तपासायच्या ३० गोष्टींच्या यादीत ऑटिझम आहे. पण त्याची पथकं जातात अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत. इथल्या इमारतींमधली बरीचशी मुलं खाजगी इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्याकडे कुणी येत नाही.

मुंबईत ‘उम्मीद’सारखी संस्था २००१पासून बालविकासाचं चांगलं काम करते आहे. पण लोकलची गर्दी, उद्घोषणा, फलाट बदलणं हा सगळा तगादाच, तो सोसून मुंबई गाठल्यावर मूल काय काम करणार? मदत स्टेशनच्या अलीकडे हवी. नगरपालिकेच्या एखाद्या रिकाम्या खोलीत आठवड्यातून दोनदा बसणारी, आधी आईबापांशी बोलणारी एक प्रशिक्षित व्यक्ती, एवढ्यानेसुद्धा फरक पडेल. शाळांना तर खर्चही नाही. हजेरीला ‘हजर’ म्हणण्याऐवजी नावाचा पत्ता फळ्यावर लावू द्या. प्रार्थनेच्या वेळी ग्रंथालयात बसू द्या. पेपर वेगळ्या खोलीत, मधे उठायच्या मुभेसह. अडचण आली तर जायला एक ठरलेल्या बाई.

आणि सोसायटीतल्या मंडळींसाठी. भिंती पातळ आहेत, रात्रीचं ओरडणं तुमच्याकडे पोचतं हे आम्हाला ठाऊक आहे. ग्रुपवर ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असं टाकू नका. लक्ष दिवसभर दिलेलं असतं, त्यानेच तिची आई संपलेली असते. तिसऱ्या मजल्यावरच्या एक मावशी गुरुवारी दुपारी तासभर येऊन आमच्याकडे मटार सोलत बसतात. मुलीला काही विचारत नाहीत, काही सांगत नाहीत. ती कधी येऊन शेंगा फोडते, कधी पलंगाखालीच राहते. मी त्या तासात झोपते.