फातोर्ड्याला जायचंय!

फुटबॉलमध्ये ‘होम’ आणि ‘अवे’ असे दोन शब्द आहेत. आपल्याला ते कुणी समजावून सांगायची गरजच नाही. होम म्हणजे माहेर आणि अवे म्हणजे सासर! माहेरी मैदान आपलं, चुकलं तरी टाळ्या. सासरी तोच खेळाडू, तेच पाय, पण बॉल पायाशी आला की हजारो माणसं हुर्यो करणार. आणि या खेळाडूंच्या मागोमाग स्वतःच्या खर्चानं, रजा टाकून, जागरण करून परक्या गावात जाणारे जे थोडेसे वेडे लोक असतात, ते म्हणजे मुलीकडचं वऱ्हाड. यजमानांनी बसवलं तिथे बसायचं, पण आवाज मात्र सोडायचा नाही.

या वऱ्हाडात बायका किती असतात, हा आजचा विषय.

मुंबई सिटी आणि एफसी गोवा यांची पुढची मॅच फातोर्ड्याला लागली की आम्ही आठ जणी जाणार आहोत. तिघी माझ्या वयाच्या, म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या. पाच जणी आमच्या वस्तीतल्या अभ्यासकेंद्रात येणाऱ्या कॉलेजच्या मुली. तारीख अजून हातात नाही, पण भिशीसारखे पैसे जमा होतायत आणि घरोघरी वादही सुरू झालेत. आठांपैकी दोन घरांतून अजून ‘हो’ आलेलं नाही. त्यातल्या एका घरातला मुलगा गेल्या वर्षी मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला. त्याला विचारलं होतं, “कोण कोण आहे बरोबर?” त्याच्या बहिणीला विचारतात, “गरज काय?” बघा, प्रश्नच बदलतो!

आता ही गरज काय, ते सांगते.

मुंबई-गोवा हे प्रकरण साधं नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात याच फातोर्ड्याच्या मैदानावर गोव्यानं आपल्याला सात-शून्य असं धुतलं होतं. डुडू आणि हाओकिप, दोघांनी प्रत्येकी तीन-तीन गोल मारले. २०१९ च्या उपांत्य फेरीत तर त्यांनी अंधेरीत, आपल्या घरात येऊन पाच-एकनं हरवलं. तीन दिवसांनी परतीची मॅच फातोर्ड्याला. आशा कसली म्हणता? तरी मुंबई तिथे एक-शून्यनं जिंकली. एकूण गोल धरून बाहेर पडली, पण ती मॅच जिंकली. अशा मॅचला गेलेला माणूस घरी येऊन काय सांगणार? जिंकलो म्हणणार की हरलो? मला अशी माणसं फार आवडतात.

मग २०२० मध्ये खरी ठिणगी पडली. गोव्याला लीगमध्ये अव्वल ठरवणारे स्पॅनिश कोच सर्जिओ लोबेरा मुंबईकडे आले, आणि पाठोपाठ बूमूस, जाहू, फॉल, मंदार राव देसाई हे गोव्याचे मोहरेही आले. मंदार तर म्हापशाचा, पक्का गोंयकार. म्हणजे जावई तर पळवलाच, वर रुखवतही उचलून आणलं! त्याच मोसमात मुंबईनं लीगही जिंकली आणि करंडकही. १३ मार्च २०२१ ची अंतिम मॅच, बिपिन सिंगचा नव्वदाव्या मिनिटाचा गोल, आणि मैदान कुठलं? फातोर्डा! पण करोनाचे दिवस. सगळा मोसम गोव्यातच, बंद मैदानांत खेळवलेला. आपल्या संघानं पहिल्यांदा करंडक उचलला तेव्हा समोर एकही प्रेक्षक नव्हता. रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेला तो आनंद टीव्हीवर बघताना मला कसंसंच झालं होतं. मंगलाष्टकं म्हणायलाही कुणी नाही असं लग्न ते!

आणि २४ एप्रिल २०२४. उपांत्य फेरीचा पहिला सामना, फातोर्डा. नव्वद मिनिटं होत आली तरी गोवा दोन-शून्यनं पुढे. त्यानंतरच्या सहा-सात मिनिटांत मुंबईनं तीन गोल केले. छांगटेनं दोन, विक्रम प्रतापनं एक. तीन-दोन! पुढे करंडकही मुंबईनंच जिंकला. त्या रात्री ‘रिक्षा मिळणार नाही’ म्हणून पंच्याऐंशीव्या मिनिटाला उठलेली मंडळी आयुष्यभर हळहळत असतील. आमच्या गटाचा पहिला नियम म्हणूनच ठरलाय: शेवटची शिट्टी वाजेपर्यंत कुणी उठायचं नाही.

पण नियम करणं सोपं, बाई! उठावं का लागतं, ते बघा.

मॅच साधारण संध्याकाळी साडेसातला सुरू होते. संपून, गर्दीतून बाहेर पडेपर्यंत दहा. मुंबईहून जायला कोकणकन्या उत्तम. रात्री अकराच्या सुमारास सुटते, सकाळी मडगावला सोडते. पण परतीची कोकणकन्या संध्याकाळी सातच्या सुमारास मडगावहून निघते, म्हणजे रेफ्री शिट्टी तोंडात धरतो तेव्हा आपली गाडी सुटलेली असते. मग सकाळी नऊच्या पुढची मांडवी, ती रात्री दहाच्या सुमारास मुंबईत. थोडक्यात, नव्वद मिनिटांच्या खेळासाठी दोन रात्री आणि दोन दिवस. पोरं काय करतात? स्टेशनवर चादर अंथरतात, कुणाच्या तरी खोलीत सहा जण झोपतात. मुलींना हे जमत नाही, आणि जमवायचं म्हटलं तरी घरचे जमू देत नाहीत. स्लीपरचं जाऊन-येऊन भाडं हजाराच्या आत बसतं. राहण्याचा खर्च त्याच्या दुप्पट-तिप्पट. बाईचं फुटबॉलचं तिकीट हे असं महाग असतं, आणि हा फरक कुठल्याच तिकिटावर छापलेला नसतो.

त्यात वेळापत्रकाचा घोळ. रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. लीगचं काय? २०२५ च्या जुलैत सगळा कारभार लांबणीवर टाकला, आणि मोसम १४ फेब्रुवारीला सुरू होणार हे कळलं ते २०२६ च्या जानेवारीत. तोही कापलेला मोसम, प्रत्येक जोडीची एकच मॅच. म्हणजे एक तर तुम्ही त्यांच्याकडे जायचं, नाहीतर ते तुमच्याकडे येणार; परतफेड नाहीच. पुरुष ऐन वेळी जनरल डब्यात घुसतील. चार घरांची परवानगी, डब्याची सोय, सासूबाईंची औषधं, मुलीची परीक्षा हे सगळं जुळवून निघणाऱ्या बाईला महिनाभर आधी तारीख लागते. क्लबवाल्यांनी आणि लीगवाल्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. बायका येत नाहीत म्हणता, पण आम्हाला तारीख तरी द्या!

दुसरा मुद्दा लिहायला संकोच वाटतो, पण महिलांच्या पुरवणीत नाही लिहायचा तर कुठे? बाथरूम. आपल्याकडच्या बहुतेक मैदानांत बायकांची स्वच्छतागृहं म्हणजे लांब, अंधारी, पाणी असलं तर असलं. पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना बहुधा एका कोपऱ्यात कठडे लावून बसवतात. सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, मी स्वतः त्याच्या बाजूची आहे. पण मग त्या कोपऱ्यातून स्वच्छतागृहाकडे जायची वाट कुठे? यजमानांच्या गर्दीतून. म्हणून मुली दुपारपासून पाणी पीत नाहीत, आणि एप्रिलच्या उकाड्यात दोन तास ओरडून डोकं धरून बसतात. हाफटाइम पंधरा मिनिटांचा. रांगेत दहा जणी असल्या की दुसऱ्या हाफचा पहिला गोल हुकलाच म्हणून समजा. आम्ही क्लबला अर्ज लिहायला घेतलाय: पाहुण्यांच्या कोपऱ्यात बायकांसाठी एक स्वच्छ बाथरूम आणि एक महिला पोलिस. दोनच ओळींचा अर्ज आहे.

तिसरा मुद्दा शिव्यांचा. रेफ्रीनं निर्णय दिला रे दिला की आया-बहिणींचा उद्धार सुरू. त्या आया आणि बहिणी शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या असतात! मी काही सोवळी नाही. माझं माहेर कोल्हापूर, शाहू स्टेडियमच्या आवाजात वाढलेली मी. पाटाकडील, प्रॅक्टिस, खंडोबा, दिलबहार ही तालमींची आणि क्लबांची नावं आम्ही पाढ्यांसारखी पाठ केलेली. तिथे अवे मॅच हा प्रकारच नाही. दोन्ही संघ एकाच गावचे, मैदान एकच, भांडण पेठेपेठेचं. पण बायका? वडील, काका, भाऊ मैदानात आणि आम्ही घरी, बाहेरून येणाऱ्या ओरडण्यावरून गोल कुणाचा झाला ते ओळखायचो. त्या शिव्या हेच आम्हाला घरी ठेवायचं कारण होतं. “तिथलं ऐकवत नाही तुम्हाला.” ऐकवत नाही तर बोलणाऱ्याचं तोंड बंद करा ना, ऐकणारीला घरात का कोंडता? माझा अनुभव असा की आठ-दहा जणी एकत्र बसल्या, त्यातल्या दोघी-तिघी माझ्यासारख्या जाडजूड काकू असल्या, की आजूबाजूच्या चार रांगांची भाषा आपोआप सुधारते. शिवी तोंडात येते आणि “सॉरी काकू” होऊन बाहेर पडते.

इराणमध्ये बाईनं पुरुषांच्या मॅचला जाणं कित्येक वर्षं बंदच होतं. सहर खोदायारी नावाची तरुणी पुरुषी वेष करून आपल्या लाडक्या संघाची मॅच बघायला गेली, पकडली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये तिनं कोर्टाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं, त्यात ती गेली. पुढच्याच महिन्यात तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये इराण-कंबोडिया मॅचला बायकांना तिकिटं विकली गेली. आपल्याला असा कुठलाही कायदा अडवत नाही. आपल्याला अडवतं गाडीचं वेळापत्रक, अंधारी बाथरूम आणि घरातलं ‘गरज काय’. पोलिस हटवता येतो एखाद वेळी, ‘गरज काय’ला कुठल्या दारातून हाकलायचं?

गोव्याबद्दल मात्र एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. तिथे फुटबॉल हा गावचा खेळ आहे, कुटुंबं मैदानावर येतात. याच फातोर्ड्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाच्या दोन्ही उपांत्य मॅचेस झाल्या. (अंतिम मॅच आपल्या नेरूळला झाली, किती जणी गेलो होतो आपण?) त्यामुळे मला मैदानाच्या आतली भीती फारशी नाही. काळजी आहे ती मैदानातून बाहेर पडल्यावरची. बस लवकर बंद होतात, टॅक्सीचे दर रात्री चढतात, आणि मोटारसायकलवरचे ‘पायलट’ एका वेळी एकीलाच नेणार. आम्ही ठरवलंय की मुक्काम मैदानापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच करायचा, मडगावच्या कदंब स्टँडच्या आसपास. समुद्रकिनारा लांब पडेल. पडू दे. आम्ही समुद्र बघायला जात नाही आहोत.

बाकी तयारी म्हणाल तर मोठी पर्स नको, पाण्याची बाटली आणि सुटी नाणी बहुतेक ठिकाणी गेटवरच काढून घेतात. निळी ओढणी चालेल, जर्सीच हवी असं काही नाही. संध्याकाळी आत जाण्यापूर्वी गाड्यावरचं रोस ऑम्लेट खाऊन घ्यायचं, कारण आतलं खाणं महाग. आत मुंबईची जुनी चाहतेमंडळी, वेस्ट कोस्ट ब्रिगेड, ढोल घेऊन आली असतील तर त्यांच्याच बाजूला बसायचं. आवाजाचा आधार मिळतो. समोरून ‘फोर्सा गोवा’चा गजर सुरू होईल तेव्हा आपण आठ जणी किती पुरणार, हा प्रश्न आहेच. पण आमच्यातल्या एकीनं वीस वर्षं भाजीचा गाडा चालवलाय. तिचा आवाज अजून फातोर्ड्यानं ऐकलेला नाही.

आणि मॅचचं काय होणार? गोवा घरच्या मैदानावर बॉल पायाशी ठेवून खेळणार, लहान लहान पास देत आपल्याला दमवणार. पहिली वीस मिनिटं मुंबईनं गोल खाल्ला नाही तर प्रेक्षक अस्वस्थ होतील, आणि मग आपल्या बाजूनं वेगानं पळणाऱ्या पोरांना मोकळी जागा मिळेल. माझा अंदाज दोन-दोन. मुली म्हणतात, “काकू, बरोबरीसाठी कोण एवढ्या लांब जातं?”

ज्या दोन घरांतून अजून होकार आलेला नाही, तिथे मी येत्या रविवारी जाणार आहे. एकीच्या आईलाच बरोबर न्यायचा विचार आहे. नऊ जणी झाल्या तर खोल्या तीन लागतील.