नाशिककरांनो, पुन्हा वर्गात या!

नोकरी लागली, संसार मांडला, की शिकणं संपलं, ही समजूत आता मोडीत काढायला हवी. नाशिकला तर ती मुळीच शोभत नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके सिनेमाचं तंत्र शिकायला बसले तेव्हा चाळिशीचे होते. पदरी बायकामुलं, छापखान्याची भागीदारी तुटलेली. मिळतील ती पुस्तकं मागवली, मिळतील ते चित्रपट पाहिले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं, तरी माणूस हटला नाही. विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ मध्ये त्यांनी लंडन गाठलं, तिथली कामाची रीत पाहिली, कॅमेरा मागवला. मग कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल होईपर्यंत दिवसागणिक थोडं थोडं चित्रण केलं. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली आणि ती पाहून पैसा लावणारे तयार झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३चा. आधी एक प्रौढ माणूस तंत्र शिकला, मग तो चित्रपट झाला.

दादासाहेबांना विमा गहाण टाकावा लागला. आपल्याला काय टाकावं लागतं? रात्री जेवणानंतरचा अर्धा तास. अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या वर्गांतलं साहित्य जगाला खुलं करण्याचं २००१ मध्ये जाहीर केलं. आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं ‘एनपीटेल’वर घरबसल्या ऐकता येतात. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ २०१७ पासून सुरू आहे. शिकणं मोफत, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी. भौतिकशास्त्र आहे, कृत्रिम बुद्धिमत्ता आहे, शेती आहे, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्रही आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोशही आज मोबाइलवर फुकट वाचता येतो.

फुकट ते पौष्टिक नसतं, असं कुणी म्हणेल. त्याला मे महिन्यातल्या संध्याकाळी गोदाघाटावर न्यावं. तिथली वसंत व्याख्यानमाला १९२२ पासूनची आहे. विषयाचा जाणकार बोलतो आणि दुकान बंद करून आलेला माणूस मांडी घालून ऐकतो. आपलं सावाना, म्हणजे सार्वजनिक वाचनालय, १८४०चं. आणि याच शहराने १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ पाहिलं. शिकायचं राहून गेलेल्या माणसासाठी ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन ते उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले हे भौतिकशास्त्रज्ञ होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हे शिकणं केवळ हौसेचं नाही. २०१० साल द्राक्ष बागायतदारांच्या अजून लक्षात असेल. युरोपला गेलेल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. वेलीची शाकीय वाढ रोखायला वापरायचं ते रसायन. तिथली मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि त्यापायी कंटेनर अडकले. निफाड-दिंडोरीचा शेतकरी आज ‘एमआरएल’ (अंशांची कमाल मर्यादा) आणि ‘रेसिड्यू’ (उरलेला अंश) हे शब्द सहज बोलतो, पण तो धडा त्याला केवढ्याला पडला! आधी शिकता आलं असतं, तर?

आता २०२७चा सिंहस्थ समोर आहे. गोदावरीचं पाणी स्नानाला योग्य आहे की नाही, यावर सभा होतील, घोषणा होतील. पण आंघोळीच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, हा निकष आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव जेवढा प्राणवायू खातात, ते माप म्हणजे बीओडी. हे समजायला एक संध्याकाळ पुरते. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आकडे जाहीर होत असतात; ते वाचता येणारी हजार माणसं या शहरात तयार झाली, तर नदीबद्दल थापा मारायची कुणाची छाती होईल? विज्ञान मूठभर तज्ज्ञांच्या हाती सोपवून मोकळं झालेलं गाव दुसऱ्याने सांगितलेलं मुकाट्याने ऐकत राहतं. आपल्याला तसं राहायचं आहे का?

अडचणी खऱ्या आहेत. मोफत वर्गाला नाव घालणारे पुष्कळ, शेवटापर्यंत जाणारे फार थोडे. एकट्याने पडद्यासमोर बसलं की तिसऱ्या धड्याला मन ढळतं. शिवाय बरेचसे वर्ग इंग्रजीत आहेत. दोन्हींवर माझ्या मते उपाय एकच: मिळून शिका. सातपूर-अंबडला पाळी करणाऱ्यांनो, ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञांनो, मुलं मोठी झाल्यावर दुपार मोकळी मिळालेल्या आयांनो, बागायतदारांनो, पाच-सहा जण जमा. सोसायटीचा हॉल घ्या, वाचनालयाची खोली मागा, मंदिराचा ओटाही चालेल. एकाला इंग्रजी येतं, दुसऱ्याला मोटार उघडता येते, तिसरीला हिशेब येतो. व्याख्यान दहा मिनिटं लावा, थांबवा, मराठीत बोला, भांडा, पुन्हा लावा. समजलेलं मराठीत लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या गटाचं काम हलकं होईल. शहरातल्या प्राध्यापकांनो, अभियंत्यांनो, डॉक्टरांनो, महिन्यातून एक संध्याकाळ अशा गटाला द्या. मानधन मागू नका.

आणि वयाचं नाव काढू नका. साठीतल्या माणसाने ‘मला हे कळत नाही, समजावून सांगा’ असं नातवासमोर म्हणण्यात कसला कमीपणा?

येत्या रविवारी पहिली बैठक घ्या. विषय तुमच्या उंबऱ्यातलाच निवडा: नदी, द्राक्ष, विजेचं मीटर, मोबाइलवरची फसवणूक. कोण कोण येणार, त्यांची नावं आजच लिहा, आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं घाला.