स्वरांमध्ये परस्पर फेरफार नको

घरोघरी जमा झालेले संगीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तबकड्या, फिती आणि सीडी यांच्या कपाटांतून निघून संगणकाच्या हार्ड डिस्कवर येऊन स्थिरावले आहे. परंतु ज्या आस्थेने आपल्याकडील रसिक एके काळी ग्रामोफोनची सुई, फितीवरील धूळ आणि टेपरेकॉर्डरचे हेड यांची देखभाल करीत असत, ती आस्था या नव्या यंत्राच्या वाट्याला आलेली नाही. संगणकावर गाणे लावले आणि ते ऐकू आले की काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. फाइलमध्ये साठविलेला स्वर आणि स्पीकरमधून उमटणारा स्वर यांच्या दरम्यान संगणकाच्या कारभारात काय घडते, कोणाच्या हुकमाने त्यात बदल होतो आणि त्या बदलाची नोंद कोठे पाहावयास मिळते, हे प्रश्न आपण विचारीतच नाही. घरी मन लावून संगीत ऐकणाऱ्या माणसाने ते विचारलेच पाहिजेत, आणि ज्या प्रणालीत त्यांची उत्तरे उघडपणे मिळतात ती लिनक्स ही प्रणाली त्याने या कामासाठी निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीडीची व्यवस्था फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली निश्चित केली व १९८२ साली ती बाजारात आली. तीत ध्वनीची प्रत्येक सेकंदाला ४४,१०० मापे घेतली जातात आणि प्रत्येक माप १६ बिटांत लिहिले जाते. ही काहीशी विचित्र भासणारी संख्या, त्या काळी अंकरूप ध्वनी ज्या व्हिडिओ फितींवर साठवीत असत त्यांच्यावरील चित्ररेषांच्या हिशेबातून आली. पुढे चित्रपट आणि व्हिडिओ यांच्या क्षेत्रात सेकंदाला ४८,००० मापांचा शिरस्ता पडला, आणि संगणकात सर्व प्रकारचे ध्वनी एकाच दारातून बाहेर सोडावयाचे असल्यामुळे तेथे बहुधा हाच दुसरा दर पत्करण्यात आला. आजच्या पुष्कळ लिनक्स वितरणांत ध्वनीचा कारभार पाहणारी पाइपवायर ही यंत्रणा, तिला वेगळी सूचना दिली नाही तर ४८,००० वरच चालते. म्हणून सीडीवरून उतरविलेला ख्याल लावला की त्याच्या दर १४७ मापांच्या जागी गणिताने तयार केलेली नवी १६० मापे पुढे पाठविली जातात. हे गणित आता इतके सुधारले आहे की त्यामुळे होणारी हानी बहुतेकांच्या कानांना जाणवणारही नाही, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु याच वाटेवर आवाजाची पातळी बदलली जाते, पत्र आल्याची घंटी गाण्यात मिसळली जाते, आणि कित्येक संगणकांत 'ध्वनी सुधारणा' या नावाखाली खर्ज फुगविणारी आणि आवाज पसरविणारी योजनाही कारखान्यातूनच चालू होऊन येते.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर मालकाला नोटीस न देता फेरफार चढला, तर तो फेरफार लहान आहे की मोठा हा प्रश्न दुय्यम ठरतो. आपल्याला न कळविता तो चढलाच कसा, हा प्रश्न पहिला असतो. संगीताच्या बाबतीतही मी याच क्रमाने विचार करतो. ध्वनीत कधीही बदल करू नये असा माझा आग्रह नाही, आणि पुढे मी स्वतःच एका मोठ्या बदलाची शिफारस करणार आहे. आग्रह आहे तो एवढाच की कोणताही बदल ऐकणाऱ्याच्या माहितीने आणि संमतीने व्हावा.

या दृष्टीने लिनक्सची योग्यता मोठी आहे. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ साली आरंभिलेली 'अल्सा' ही ध्वनियोजना लिनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्येच) वसलेली असून, गाणे वाजविणाऱ्या कार्यक्रमाला मधल्या सर्व यंत्रणा ओलांडून ध्वनिकार्डाशी थेट व्यवहार करण्याची मुभा ती देते. या थेट दाराने गेलेला ध्वनी एखाद्या कार्डाला त्याच्या मूळ दराने घेता येत नसेल, तर अल्सा तसे स्पष्ट कळविते. गुपचूप रूपांतर करून वेळ मारून नेत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गाणे चालू असताना 'प्रोक' या निर्देशिकेतील 'असाउंड' या कप्प्यात त्या क्षणीचा सर्व तपशील साध्या अक्षरांत लिहिलेला असतो: मापांचा दर किती, प्रत्येक माप किती बिटांचे, वाहिन्या किती, राखीव साठा (बफर) किती. गाणे थांबले की तेथे 'क्लोज्ड' एवढाच शब्द उरतो. फाइल ४४,१०० ची असताना तेथे ४८,००० दिसले, तर मध्ये कोणीतरी हात घातला आहे हे तत्काळ सिद्ध होते. त्यासाठी कोणा जाणकाराच्या कानावर अथवा विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

वाजविण्यासाठी एमपीडी हा जुना कार्यक्रम मला सर्वांत योग्य वाटतो. तो पडद्याआड राहून चालतो, त्याला स्वतःचे दर्शनी रूप नाही, आणि घरातील कोणत्याही फोनवरून त्याला आज्ञा देता येते. त्यामुळे संगणकाला पडदा, कळफलक किंवा माऊस जोडून ठेवण्याचीही गरज राहत नाही. बाहेर एक यूएसबीचा 'डॅक', म्हणजे अंकरूप ध्वनीचे विद्युत्-लहरींत रूपांतर करणारे यंत्र, जोडावा, एमपीडीचा ध्वनी अल्साच्या थेट दाराने त्याच्याकडे पाठवावा, आणि एमपीडीच्या व्यवस्थापत्रात रूपांतराची व पातळीची कलमे बंद करावीत. ज्यांना त्याच संगणकावर इतर कामेही करावयाची असतील त्यांनी पाइपवायर ठेवावी, मात्र तिच्या मान्य दरांच्या यादीत ४४,१०० ची भर घालावी. बहुतेक डॅक लिनक्सला स्वतंत्र ड्रायव्हर न घालता ओळखता येतात.

यापलीकडे जाऊन जे पुष्कळ उपाय सुचविले जातात, त्यांतील बहुसंख्य व्यर्थ आहेत असे मी जबाबदारीने म्हणतो. प्रोसेसरचा एखादा भाग केवळ गाण्यासाठी राखून ठेवावा, अर्ध्याअधिक सेवा बंद कराव्यात, आणि विशेषतः 'रिअल-टाइम' गाभा बसवावा, असे उपदेश उत्साही मंडळी करीत असतात. रिअल-टाइम गाभ्याचे काम थोर आहे. अनेक वर्षांच्या परिश्रमांनंतर २०२४ साली, लिनक्सच्या ६.१२ या आवृत्तीत, ते मूळ गाभ्यात दाखल झाले. परंतु ते ज्यांच्यासाठी आहे ती माणसे निराळी. वादकाने कळ दाबल्यावर काही सहस्रांश सेकंदांत स्वर उमटला पाहिजे, किंवा कारखान्यातील यंत्राचा हात नेमक्या क्षणी थांबला पाहिजे, अशा ठिकाणी विलंब हाच शत्रू असतो. घरी ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्याला विलंबाचे काय? त्याने बटण दाबले आणि गाणे अर्ध्या सेकंदाने सुरू झाले तर त्याचे काहीही बिघडत नाही. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. संपूर्ण तासाची मैफल साडेसहाशे मेगाबाइटांच्या आत बसते, आणि दहा-बारा वर्षांपूर्वीच्या साधारण संगणकालाही एवढी वाहतूक करण्यास काडीचे श्रम पडत नाहीत. अशा कामात राखीव साठा लहान करण्याऐवजी मोठा करणे हेच शहाणपणाचे, कारण साठा रिकामा पडला तरच गाण्यात टक् असा खंड ऐकू येतो. शिवाय बहुतेक चांगल्या डॅकमध्ये काळाचे माप त्यांच्या स्वतःच्या घड्याळावर चालते आणि संगणकाकडून माल केव्हा मागवावयाचा हे डॅकच ठरवितो; ही रचना असताना संगणकाच्या अंतर्गत वेळापत्रकातील बारीकसारीक चढउतार स्वरापर्यंत पोहोचत नाहीत.

खरी काळजी घ्यावयाची आहे ती वेगळ्याच जागी, आणि हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला तर ती विशेष घ्यावी लागते. सीडीवर एकाच रागाचे आलाप, विलंबित आणि द्रुत असे तुकडे पुष्कळदा पाडलेले असतात. एमपी३ या पद्धतीत फाइलीच्या आरंभी आणि अखेरीस थोडी रिकामी जागा भरली जाते, त्यामुळे दोन तुकड्यांच्या सांध्यावर तानपुरा क्षणभर तुटण्याचा संभव असतो. तानपुऱ्याचा अखंडपणा हाच ज्या गायनाचा पाया, त्यात हा खंड असह्य होतो. २००१ साली पूर्णरूपास आलेली फ्लॅक ही पद्धत एकही बिट न गमावता फाइल जवळजवळ निम्म्यावर आणते, सांधा जसाच्या तसा राखते आणि मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध आहे. संग्रह फ्लॅकमध्येच ठेवावा. दुसरी गोष्ट आवाज सारखा करणाऱ्या रिप्लेगेन या सोयीची. ती प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे लावली तर विलंबिताची शांत बढत उचलली जाते, द्रुताचा जोम दाबला जातो, आणि गायकाने तासभर संयमाने रचलेला चढ सपाट होऊन बसतो; म्हणून ती लावावयाचीच असेल तर संपूर्ण अल्बमला मिळून लावावी. संगणकावरच आवाज कमी करणे दोषास्पद आहे, ही भीती मात्र अनाठायी आहे: १६ बिटांचा ध्वनी २४ बिटांच्या डॅककडे पाठविताना आठ बिटांची सवड असते, प्रत्येक बिट सुमारे ६ डेसिबलचा, म्हणजे ४८ डेसिबलपर्यंत पातळी उतरविली तरी मूळ मापाचा अंश गळत नाही.

अधिक दराच्या, म्हणजे ९६,००० किंवा १,९२,००० मापांच्या फाइली जादा दाम देऊन विकत घ्याव्यात काय? मानवी कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची, आणि ती सामावण्यास सीडीचा दर गणिताने पुरेसा आहे. मेयर आणि मोरन यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना न सांगता उच्च दर्जाचा ध्वनी सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकविला. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरांचे प्रमाण अर्ध्यावरच राहिले. जोशुआ राइस यांनी २०१६ साली अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा ते ५२.३ टक्के आढळले, म्हणजे फरक असलाच तर अत्यंत सूक्ष्म. अब्दुल करीम खाँ यांच्या १९३० च्या दशकातील तबकड्यांचे ध्वनिमुद्रणच कानाच्या मर्यादेच्या पुष्कळ आत संपते. अशा तबकड्यांचे जतन करणारे अभिलेखागार उच्च दराने नक्कल घेते ते योग्यच आहे, कारण पुढील पिढ्यांना खरखर वेगळी काढण्यासाठी ती लागते. श्रोत्याला तिची आवश्यकता नाही.

उरलेले दाम स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करावेत. आपल्या घरांतील उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरश्या स्वराला परतवीत राहतात, आणि संगणकात कितीही शुद्धता राखली तरी तबल्याची थाप त्या घुमण्यात विरघळते. जाड पडदे, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जो फरक पडतो तो कोणत्याही केबलने पडणार नाही. त्यानंतरही खर्ज एखाद्या कोपऱ्यात साठत असेल, तर मापक मायक्रोफोनने खोलीचे माप घ्यावे आणि कॅमिलाडीएसपीसारख्या मुक्त साधनाने त्याला प्रतिकार करणारी दुरुस्ती ध्वनीत करावी. मी वर म्हटलेला मोठा बदल तो हाच. तो हजारो मापांना स्पर्श करतो, परंतु ऐकणाऱ्याने स्वतः मोजून, समजून आणि कलम लिहून केलेला असतो, व नको झाल्यास एका ओळीने रद्द होतो. स्पीकरमधून सतत घरघर येत असेल तर प्रथम भिंतीतील अर्थिंग तपासावे. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबली, तर दोष विजेच्या मार्गात आहे असे समजून डॅक प्रकाशतंतूने, म्हणजे ऑप्टिकल तारेने, जोडावा.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल संपुष्टात आली, आणि सुस्थितीतील असंख्य संगणक निकामी मानले जाऊ लागले. त्यांतील जवळजवळ प्रत्येक यंत्र वर सांगितलेल्या कामास समर्थ आहे. दुसऱ्या बाजूस पुण्यामुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, गोव्यात अशी कित्येक घरे आहेत, जेथे खासगी मैफलींच्या फितींवरून उतरविलेल्या फाइली नुसत्या क्रमांकांनी पडून आहेत. कोणता राग, साथीला कोण, मैफल कोणाकडे आणि कोणत्या वर्षी, हे फक्त घरातील एका वयोवृद्ध माणसाला ठाऊक असते. फ्लॅकच्या फाइलीत ही सर्व माहिती देवनागरीत लिहिता येते. लिनक्सची मांडणी पहिल्या वेळी अवघड जाते हे खरे आहे, आणि ज्यांच्यापाशी संग्रह आहे त्यांच्यापाशी ते कसब बहुधा नसते. म्हणून ज्या तरुणांना हे जमते त्यांना माझी विनंती आहे, की सुट्टीचा एक दिवस काढून त्यांनी ओळखीतील अशा एखाद्या ज्येष्ठ रसिकाच्या घरी जावे, त्यांचा जुना संगणक मांडून द्यावा, त्यांच्याजवळ बसून फाइलींवर नावे घालावीत, आणि निघण्यापूर्वी वाजत्या गाण्याचा दर दाखविणारी नोंद कशी उघडावी व कशी वाचावी, हे त्यांना मराठीत कागदावर लिहून द्यावे.