घरगुती जोड : माप कोणाचे घ्यायचे?

तुमच्या गावात ट्रॅक्टर असेलच. नसला तर शेजारच्या गावात असेल. इंजिन बंद असताना त्याच्या मागच्या बाजूला जा आणि नीट पाहा. खाली दोन दांडे आणि वर मधोमध एक दांडा दिसेल. नांगर असो, कल्टिव्हेटर असो की रोटाव्हेटर, ते अवजार ह्याच तीन टोकांना अडकवतात. ट्रॅक्टर एका कारखान्याचा आणि अवजार दुसऱ्याचे असले, तरी पिना बरोबर बसतात. असे का होते?

हे आपोआप घडलेले नाही. हॅरी फर्ग्युसन ह्या आयरिश यंत्रज्ञाने ही तीन बिंदूंची जोडणी प्रचारात आणली. १९३९ साली ती फोर्डच्या ट्रॅक्टरवर आली आणि तिचा झपाट्याने प्रसार झाला. पुढे तिची मापे आंतरराष्ट्रीय प्रमाणात बांधली गेली. लहान वर्गातल्या अवजारांच्या खालच्या पिना २२ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यावरच्या वर्गातल्या २८ मिलिमीटरच्या. लहान वर्गाचे अवजार मोठ्या ट्रॅक्टरला लावायचे असेल, तर शेतकरी पिनेवर एक बुश चढवतो. हा बुश म्हणजे आतून २२ आणि बाहेरून २८ मिलिमीटरची एक नळी. तिची भिंत झाली ३ मिलिमीटरची. एवढ्याशा नळीने दोन परकी यंत्रे एकमेकांची झाली! ही नळी कोणत्याही लेथवर होते, कारण तिची दोन्ही मापे आधीच ठरलेली आहेत.

आता ट्रॅक्टरच्या पुढच्या बाजूला या. काही ट्रॅक्टरांना पुढे लोडर बसवलेला असतो. लोडर म्हणजे तेलाच्या दाबाने वरखाली होणारे दोन हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. जुन्या पद्धतीत ही बकेट चार पिनांनी थेट हातांना जोडलेली असे. दोन पिना हातांच्या आणि दोन बकेट कलवणाऱ्या सिलिंडरच्या. बकेट काढून मालाचे काटे लावायचे म्हणजे चारही पिना हातोड्याने ठोकून काढायच्या आणि नव्या अवजाराची भोके त्यांच्याशी जुळवत बसायचे. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला एकाच दिवशी शेण भरायला बकेट, गवताचे भारे उचलायला काटे आणि बर्फ लोटायला पाते लागते. तो ह्या खटाटोपाला कंटाळला नसता तरच नवल!

ह्यावरचा उपाय तिथेच निघाला. मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुई केलर ह्या दोघा भावांनी १९५७ साली टर्की पक्ष्यांचे गोठे साफ करण्यासाठी एक छोटासा तीनचाकी लोडर बनवला. त्यातूनच पुढे बॉबकॅट ही यंत्रे आली, आणि १९७० साली त्यांना झटपट जोडाची पाटी मिळाली. कल्पना अगदी सोपी आहे. अवजाराच्या पाठीला एक पोलादी पाटी असते आणि तिच्या वरच्या कडेला आतून तिरपा ओठ असतो. लोडरची चौकट त्या ओठाखाली शिरते, अवजार मागे कलते, आणि खाली दोन पाचरी पाटीच्या खाचांत उतरतात. ओठाने वजन पेलायचे आणि पाचरीने धरून ठेवायचे. साधी पिन वापरली असती तर भोक झिजल्यावर ती खडखडू लागली असती. पाचर मात्र झिजेबरोबर थोडी आणखी खाली उतरते आणि जोड घट्टच राहतो. इतर कारखान्यांनीही अशीच पाटी घेतली, आणि २००५ साली तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण प्रसिद्ध झाले.

ज्यांच्याकडे चार पिनांचा जुना लोडर आहे, असे कितीतरी शेतकरी आपल्या पडवीतच वेल्डिंग करून मधला जोड बनवतात. त्याच्या एका अंगाला लोडरच्या पिनांसाठी भोके पाडलेले कान असतात आणि दुसऱ्या अंगाला झटपट जोडाची चौकट. असा घरगुती जोड बनवावा की नाही, ह्यावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, हे काम कारखान्याचेच. आपण हात लावू नये. दुसरा म्हणतो, लोखंड आहे, वेल्डिंग मशीन आहे, मग विचार कसला करायचा? मला दोघांचेही पटत नाही. जोड जरूर बनवावा. पण त्याचे एक अंग आपल्या लोडरच्या मापाचे असावे आणि दुसरे अंग जगाच्या मापाचे. जो माणूस दोन्ही अंगे स्वतःच्याच मापाने करतो, त्याला शेजाऱ्याचे काटे मागून आणता येत नाहीत, आणि त्याने ट्रॅक्टर विकला की घेणाऱ्यालाही तो जोड निरुपयोगी ठरतो. आपल्याकडे 'जुगाड' शब्दाचे फार कौतुक चालते. बहुतेक जुगाड एकाच यंत्राला आणि एकाच मालकाला उपयोगी पडतो, हे त्या कौतुकात विसरले जाते.

विद्यार्थी मित्रांनो, ह्या जोडाची एक किंमत लोखंडाच्या दुकानात दिसत नाही. ती तुम्ही शिकलेल्या तरफेच्या नियमातून काढता येते. समजा, बकेट आणि माती मिळून ५०० किलो आहे आणि त्या भाराचा मध्य पुढच्या चाकांच्या आसाच्या २ मीटर पुढे आहे. पुढचा आस हा टेकू धरा. ५०० गुणिले २ म्हणजे १००० किलो-मीटर. मागची चाके उचलू पाहणारा जोर एवढा झाला. आता मध्ये ६० किलोचा जोड आला आणि त्याने बकेट १५ सेंटिमीटर पुढे ढकलली. जोड स्वतः आसाच्या दीड मीटर पुढे आहे असे धरू. त्याचेच ९० झाले. जोर पूर्वीइतकाच ठेवायचा तर बकेटच्या वाट्याला ९१० उरतात. त्यांना २.१५ ने भागा. उत्तर येते सुमारे ४२३ किलो.

जोडाचे वजन ६० किलो, पण भार घटला ७७ किलोंनी! त्यातले सुमारे ३२ किलो त्या १५ सेंटिमीटरनी खाल्ले. म्हणून जोड जाड पत्र्याचा करून 'मजबूत' केला की झाले, ही समजूत चुकीची आहे. तो पातळ, म्हणजे कमी लांबीचा असावा. कान आणि चौकट ह्यांच्यात जेवढे अंतर कमी तेवढे बरे.

भोकांच्या अंतराचेही असेच आहे. हाताची पिन आणि सिलिंडरची पिन ह्यांच्यातले अंतर मूळ बकेटवर जेवढे असेल तेवढेच जोडावर हवे. ते बदलले तर बकेट पूर्वीइतकी मागे कलत नाही किंवा पुढे पुरती रिकामी होत नाही. ह्यासाठी जाणता वेल्डर आधी दोन्ही कानांच्या भोकांतून एकच लांब सरळ सळई घालतो, मग कान टाक्यांनी चिकटवतो, प्रत्यक्ष लोडरवर लावून पाहतो आणि मगच पूर्ण वेल्डिंग करतो. तेही एकाच बाजूने सलग करत नाही, तर आलटून पालटून करतो. वितळलेले पोलाद निवताना आकसते आणि सारी चौकट आपल्याकडे ओढते. सळई काढल्यावर ती पुन्हा हाताने सरकली, तर काम जमले म्हणायचे.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेल्डिंगपेक्षाही पाचरींचा आहे. चालकाच्या जागेवरून त्या खाली उतरल्या की नाहीत हे दिसत नाही, आणि वरच्या ओठावर लटकलेले अवजार तसेही उचलले जाते! ब्रिटनमध्ये खोदयंत्रांच्या बकेटी झटपट जोडातून निसटून कामगार मृत्युमुखी पडले आहेत. सुरक्षा-खीळ घातलीच नव्हती, असे कारण तेथे पुढे आले. तेव्हा पाचर बसल्याची खूण बाहेरून दिसलीच पाहिजे. ती दिसत नसेल तर तो जोड माझ्या मते अपुरा आहे, मग त्याचे वेल्डिंग कितीही देखणे असो. खाली उतरून दोन्ही पाचरी डोळ्यांनी पाहायच्या आणि बकेटचे टोक जमिनीवर टेकवून दाबून पाहायचे. ह्याला एक मिनिट लागते. आणि उचललेल्या बकेटखाली कोणीही उभे राहायचे नाही, जोड कारखान्याचा असला तरी नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. कार्यानुभवाच्या तासाला खुंट्या आणि फुलदाण्या पुष्कळ झाल्या. मुलांचे दोन गट करा. एका गटाने लाकडाचा ओठ असलेली पाटी बनवावी आणि दुसऱ्याने पाचरींची चौकट. गटांनी एकमेकांची वस्तू पाहायची नाही. दोघांच्या हाती फक्त मापे लिहिलेली एक आकृती द्यायची. पहिल्या खेपेला ती बसण्याचा संभव कमीच. मग चूक सुताराची की आकृतीची, भोक किती सैल ठेवायचे हे आकृतीत लिहिले होते का, ह्यावर मुलांना भांडू द्यावे. वजनासाठी विटा लटकवाव्यात. प्रत्यक्ष भार उचलणारा जोड मात्र मुलांनी वेल्ड करू नये. ते काम शिकलेल्या वेल्डरचे आहे.

वरचे तरफेचे गणित पुढे नेऊन पाहा. पुढच्या आणि मागच्या आसांत २ मीटर अंतर आहे आणि मागच्या आसाच्या १ मीटर मागे, तीन बिंदूंच्या जोडणीला, ३०० किलोचे वजन टांगले आहे. मागची चाके जमिनीवर दाबून धरणारा जोर किती वाढला? आणि पुढच्या चाकांवरचा भार किती किलोंनी हलका झाला?