नागपूरच्या नावाने चांगभलं

रायपूरच्या मराठी माणसाला गाडी घ्यायची झाली की आधी नागपूर आठवते. घर चौबे कॉलनीत, ऑफिस शंकरनगरात, बायकोचे माहेर फार तर भिलाईला, रोजची धाव वीस-पंचवीस किलोमीटरची. पण इलेक्ट्रिक एसयूव्हीचे नाव काढा, लगेच भुवया वर. "ते सगळं ठीक आहे हो, पण नागपूरला जाईल का?" जणू हा गृहस्थ दररोज सकाळी सीताबर्डीत भाजी घ्यायला जातो. प्रत्यक्षात तो दिवाळीला जातो, आणि एखादे लग्न निघाले तर. त्यातही निम्म्या वेळा रेल्वेने.

जाते. रायपूर ते नागपूर सुमारे २९० किलोमीटर. क्रेटा इलेक्ट्रिकच्या ५१.४ किलोवॅट-तासांच्या बॅटरीला कंपनीने २०२५ मध्ये गाडी आणताना ४७३ किलोमीटरचा आकडा लावला. तो आकडा प्रयोगशाळेतला, म्हणून त्यातला तिसरा हिस्सा सरळ कापा. नौतपाच्या उन्हातला एसी, मागे चार माणसे, डिकीत आईने दिलेली पापडांची पिशवी, सगळे त्यात आले. तरी नागपूर गाठता येते, जेमतेम. महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई किंवा टाटाच्या हॅरियर ईव्हीची मोठी बॅटरी घेतली तर जेमतेमही राहत नाही. आणि देवरी-साकोलीच्या आसपास चहा-नाश्त्याला आपण थांबतोच. पेट्रोलच्या गाडीतही थांबत होतो. महामार्गावरचा एखादा चार्जर बंद निघेल, हे मला मान्य आहे. निघतो. म्हणून निघण्यापूर्वी फोनवर बघायचे, एवढेच.

पण भीतीला हिशेब चालत नाही. तिला हवा असतो मधला मार्ग, आणि तो आता सगळ्यांना सापडला आहे: प्लग-इन हायब्रिड! शहरात विजेवर, महामार्गावर पेट्रोलवर, दोन्ही डगरींवर हात. कोणाचा तरी मुलगा जर्मनीत ती चालवतो, कोणाच्या जावयाने अमेरिकेत घेतली आहे. तेव्हा "आपल्याकडे येऊ दे, मग बघू" म्हणत चांगली कमावती माणसे वर्षानुवर्षे जुनी डिझेल गाडी रेटत बसली आहेत.

येऊ दे म्हणजे काय? आली की. बीएमडब्ल्यूची एक्सएम २०२२च्या डिसेंबरात भारतात आली, किंमत २ कोटी ६० लाख. घ्या. त्याआधी व्होल्वोने प्लग-इन एक्ससी९० आणली होती. तीही काही शिक्षकाच्या पगारात बसणारी नव्हती. वीस-तीस लाखांत कुटुंबाची प्लग-इन एसयूव्ही ही घोषणांमध्ये भेटते, शोरूममध्ये नाही. शोरूममध्ये विक्रेता म्हणतो, "सर, हाइब्रिड ले लीजिए, चार्जिंग का झंझट ही नहीं." तो दाखवतो ती ग्रँड विटारा, हायरायडर किंवा इनोव्हा हायक्रॉस. या गाड्यांना प्लग नाहीच. त्यांची छोटी बॅटरी इंजिन आणि ब्रेक मिळून भरतात. शेवटी जळते ते पेट्रोलच, फक्त कमी. गाड्या चांगल्या आहेत. पण त्यांना अर्धी इलेक्ट्रिक समजून घरी पेढे वाटणारे मी पाहिले आहेत, आणि विक्रेत्याने त्यांचा गैरसमज दूर करायची घाई केलेली पाहिलेली नाही.

प्लग-इन आपल्याकडे का येत नाही, याचे उत्तर दिल्लीच्या करपत्रकात आहे. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के, आणि प्लग-इनही त्याच रांगेत उभी. पन्नास-साठ किलोमीटर निव्वळ विजेवर धावणाऱ्या गाडीला कर लागतो तो धूर ओकणाऱ्या मोठ्या डिझेल एसयूव्हीइतकाच. उत्तर प्रदेशाने २०२४ च्या जुलैत हायब्रिड आणि प्लग-इन दोन्हींचा नोंदणी कर माफ केला. पण चाळीस टक्क्यांच्या डोंगरापुढे एका राज्याची माफी किती पुरणार? दोन यंत्रणांचा खर्च आणि वर हा कर, असे ओझे घेऊन कोणती कंपनी मध्यमवर्गाच्या दारात येईल?

या करावर मी गळा काढणार नाही, कारण प्लग-इनच्या मुळातच एक गोम आहे. तिचा सगळा फायदा रोज रात्री ती घरी प्लगला लावण्यात आहे. ज्याच्या घरी स्वतःची पार्किंग आहे, भिंतीवर पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे, त्याला पूर्ण इलेक्ट्रिक चालते. पेट्रोलची टाकी आणि इंजिन डोक्यावर घेऊन फिरायचे कारणच नाही. आणि ज्याचे घर बुढापाऱ्याच्या नाहीतर तात्यापाऱ्याच्या गल्लीत आहे, गाडी दोन घरे पलीकडे नालीच्या कडेला उभी राहते, तो प्लग-इन घेऊन काय करणार? तिसऱ्या मजल्यावरून वायर सोडणार? पहिल्याला ती लागत नाही, दुसऱ्याला ती वापरता येत नाही. मधल्यांसाठी म्हणून केलेल्या या गाडीला मधला माणूसच सापडत नाही.

युरोपात तो सापडला होता, सवलती घेऊन. मग युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या गाड्यांच्या संगणकांतून प्रत्यक्ष इंधनाची आकडेवारी गोळा केली आणि २०२४ मध्ये अहवाल काढला. प्लग-इन गाड्यांचे प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघाले. कारण साधे होते: लोक गाडी म्हणावी तितकी चार्जच करत नव्हते. कंपनीची गाडी, कंपनीचे पेट्रोल, मग वायर कोण उचलणार? आपली मंडळी कंपनीच्या पेट्रोलवर याहून काटकसरीने वागतील, असे वाटणाऱ्यांनी भिलाईच्या कोणत्याही साहेबाच्या ड्रायव्हरला विचारावे.

अपवाद आहेत आणि ते खरे आहेत. आठवड्याला जगदलपूर, तिथून पुढे दंतेवाडा-बिजापूर करणारा ठेकेदार, अंबिकापूरच्या जंगलात फिरणारा अधिकारी, घरात एकच गाडी असलेला फिरता डॉक्टर. यांनी खुशाल साधी हायब्रिड घ्यावी, माझी हरकत नाही. बाकीच्यांनी त्यांचे नाव पुढे करून आपली भीती लपवू नये.

आता दुसऱ्या पंथाकडे वळतो, कारण ते जास्त ऐकवतात. इलेक्ट्रिक गाडीच्या हिरव्या नंबरप्लेटचे हे मानकरी सोसायटीच्या बैठकीत पर्यावरणावर बोलतात. अहो, तुमच्या गाडीचा धूर कोरब्यात निघतो! एनटीपीसीचे २६०० मेगावॅटचे केंद्र तिथे आहे, शेजारी गेवराची अजस्र खाण. २०२१ च्या ऑक्टोबरात हसदेव अरण्यातले गावकरी कोळसा खाणींविरुद्ध सुमारे ३०० किलोमीटर चालत याच रायपुरात आले होते. त्या दिवशी किती हिरव्या प्लेटवाले त्यांना पाणी द्यायला गेले?

हिशेबच करू. देशाच्या ग्रिडवर एक युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एसयूव्ही एका युनिटात सहा किलोमीटर धरा: किलोमीटरला ११५-१२० ग्रॅम, चार्जिंगमधली गळती वेगळी. लिटरला १२ किलोमीटर देणारी पेट्रोल एसयूव्ही १९० च्या पुढे. आणि लिटरला १९ देणारी हायब्रिड? तीही १२० च्याच घरात. म्हणजे आजच्या घडीला धुराच्या हिशेबात हायब्रिडवाला आणि इलेक्ट्रिकवाला जवळजवळ एकाच पाटावर. टिळा लावून मिरवण्यासारखे काही नाही.

मग मी इलेक्ट्रिकच्या बाजूने का? तो १२० ग्रॅमचा धूर माझ्या नातवाच्या नाकाखाली निघत नाही म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या प्रदूषित शहरांच्या यादीत दिल्ली, पाटणा, ग्वाल्हेरनंतर रायपूर होते. सिलतरा-उरल्याच्या स्पंज आयर्नची काळी धूळ गच्चीवरच्या वाळवणावर बसते, ती आम्ही बोटाने पुसून पाहतो. त्यात गाड्यांची भर नको. दुसरे कारण रोकडे आहे. महिन्याला बाराशे किलोमीटर फिरलात तर पेट्रोल एसयूव्हीला शंभर लिटर, म्हणजे दहा हजार रुपये. हायब्रिडला सहा हजारांच्या वर. इलेक्ट्रिकला दोनशे युनिट. वरच्या टप्प्यातला दर अधिभारासह नऊ रुपये धरला तरी अठराशे.

यावर आमचे काका लोक लगेच 'बिजली बिल हाफ'चे रडगाणे काढतात. आधी ४०० युनिटांपर्यंतची सवलत २०२५ च्या ऑगस्टात १०० वर आली, ओरड झाल्यावर डिसेंबरात २०० वर गेली. गाडी आली की आपण त्यातून बाहेर पडणार हे खरे. पंचवीस लाखांची गाडी घेणाऱ्याने निम्म्या वीजबिलासाठी डोळे पुसावेत, हे मात्र आम्हालाच जमते. छतावर तीन किलोवॅटचे सोलर बसवा. केंद्राचे ७८ हजार आणि राज्याचे ३० हजार मिळतात, आणि महिन्याला साडेतीनशे युनिटांच्या आसपास वीज तयार होते. तेव्हा कुठे कोरब्याचे नाव थोडे मागे पडेल. गाडीवरच्या राज्य अनुदानाचे म्हणाल तर २०२२ च्या धोरणात ते किमतीच्या दहा टक्के, कमाल दीड लाख होते, आणि ते थकल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत. त्यावर हप्त्याचे गणित बसवू नका.

आणि त्याच कोरबा जिल्ह्यात, कटघोऱ्याला, लिथियम सापडले आहे. २०२४ च्या जूनमध्ये त्या ब्लॉकचा लिलावही झाला. म्हणजे कोळशासाठी उठलेली गावे आता बॅटरीसाठी उठतील. तेव्हा इलेक्ट्रिक घ्या, पण पुण्य म्हणून घेऊ नका. पैसे वाचतात आणि गल्लीतली हवा बरी राहते म्हणून घ्या.

स्वतःची पार्किंग असेल तर या दसऱ्याला पूर्ण इलेक्ट्रिक घ्या. नसेल तर साधी हायब्रिड घ्या, नाहीतर आहे ती गाडी आणखी चार वर्षे चालवा. प्लग-इनची वाट पाहणे सोडा. आणि नागपूरच्या लग्नाला जायचे असेल तर रायपूरला मुंबई मेलमध्ये बसा, जेवणाच्या पंगतीला वेळेवर पोचाल.